इन्सुलिनचा भिजवायचा पाउच : चंद्रपूरच्या उन्हात वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, इन्सुलिन उन्हात थंड ठेवायचा हा पाउच चांगला आहे, कोरड्या उन्हाच्या गावात राहत असाल आणि इन्सुलिनचं पेन (म्हणजे इन्सुलिन टोचायचं पेनासारखं इंजेक्शन) सोबत घेऊन कामावर जावं लागत असेल तर घ्या. मुंबई, ठाणे, रत्नागिरीवाल्यांनी मात्र घ्यायच्या आधी पुढचं वाचा. आणि हा घेतला की उन्हाळ्यात शुगर कंट्रोलमध्ये राहील असं ज्यांना वाटतंय त्यांनी तर शेवटपर्यंत वाचा, कारण ऑनलाइन जे पाच स्टार पडलेत ते बरेचसे एसी ऑफिसवाल्यांचे आणि विमानाने फिरायला जाणाऱ्यांचे दिसतात, भट्टीजवळ उभं राहून काम करणाऱ्याचा एकही रिव्ह्यू मला सापडला नाही म्हणून हा लिहायला घेतला.

माझं काम चंद्रपूरला एका प्लांटमध्ये मेंटेनन्सचं. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं, आमच्या शेडमध्ये वर पत्रा आणि बाजूला गरम पाइपलाइन, तिथं किती असतं ते विचारूच नका. रात्रीचं लांब टिकणारं इन्सुलिन घरी घेतो, पण दुपारच्या जेवणाआधीचं जे झटपट काम करणारं असतं ते पेन सोबतच न्यावं लागतं. कँटीनच्या फ्रीजमध्ये ठेवायचं तर तिथं कोण कधी वरच्या बर्फाच्या कप्प्यात सरकवेल याचा भरवसा नाही, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसंच दिसलं तरी फेकूनच द्यायचं असतं, हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं. थर्मासमध्ये बर्फ टाकून त्यात पेन ठेवणारे पण बघितलेत, तोच धोका. पेन बर्फाला चिकटलं की संपलं.

पाउचचा प्रकार सोपा आहे. वरून पातळ जाळीदार कापड, आतल्या अस्तरात बारीक दाणे शिवलेले, साबुदाण्यापेक्षाही लहान. पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवला की दाणे पाणी पिऊन फुगतात, जेली होते, मग बाहेरून पुसून घ्यायचा आणि पेन आतल्या कोरड्या कप्प्यात. बर्फ नाही, बॅटरी नाही, काही नाही. त्या जेलीतलं पाणी हळूहळू उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. आपला माठ जसा चालतो तसंच. आणि हे मी नुसतं म्हणत नाहीये, गरीब आणि उष्ण देशांत जिथं घरी फ्रीज नाही तिथं इन्सुलिन मातीच्या मडक्यात ठेवून त्याची रीतसर तपासणी झालेली आहे आणि मडकी खरंच उपयोगी ठरली होती. त्यामुळे ज्यांना पाउचचे साडेसहाशे रुपये जास्त वाटतात त्यांनी घरात ठेवायला दोन मडकी, मध्ये ओली रेती, असं केलं तरी चालतंय, फक्त ते खांद्याला लटकवून ड्युटीवर जाता येत नाही.

मी घेतलेला साडेसहाशेचा, दोन पेन बसतील असा. परदेशातून येणारे ह्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला मिळतात, शिलाई त्यांची बरी असते म्हणतात. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत आणि त्या ह्या प्रकारच्या सगळ्याच पाउचला लागू होतील असं मला वाटतं.

आता मुद्द्याचं, थंड किती राहतं. मी फ्रीजमध्ये ठेवायचा तो छोटा डिजिटल थर्मामीटर, वायरवाला, त्याचं टोक पाउचमध्ये सरकवून ठेवलं. शेडच्या बाहेर कडुलिंबाखाली सावलीत, वारा लागेल असा खिळ्याला टांगला तेव्हा बाहेर ४३ आणि आत २७ च्या आसपास. दुपारभर तसंच. मला तर भारीच वाटलं, कारण वापरात असलेलं पेन बहुतेक कंपन्या ३० अंशांच्या खाली ठेवायला सांगतात (आणि न उघडलेलं २ ते ८ मध्ये, म्हणजे फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात). वापरातलं साधारण २८ दिवस, काही इन्सुलिनचे दिवस जास्त असतात, डब्यातला कागद उघडून बघा, तो कागद कोणी वाचत नाही पण सगळं त्यात असतं.

मग तोच पाउच पॉलिथिनच्या पिशवीत घालून बॅगेत ठेवला की बोंब. पाणी उडायला जागाच नाही तर थंड कुठून होणार, तासाभरात आत-बाहेर सारखं. माझ्या सोबतच्या एकाने घेतला आणि गाडीच्या डिक्कीत ठेवला, वरून मलाच म्हणतो "भाऊ, तुह्या पाउचनं तं काहीच नाही केलं". डिक्की म्हणजे उन्हात उभी केलेली लोखंडी पेटी, तिथं हवा नाही, काही नाही, पाउच काय करणार. हे पॅकेटवर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे होतं. लिहिलंय काय, तर 'प्रवासासाठी उत्तम', आणि खाली विमानाचं चित्र. अरे पण बॅगेत बंद करू नका, वाऱ्यात ठेवा, तापलेल्या भिंतीला किंवा पाइपला टेकवू नका, ह्या तीन गोष्टी सांगायला काय होतंय? भट्टीच्या तोंडाजवळ तर ठेवूच नका, तिथली झळ थेट अंगावर येते तशी पाउचवर पण येते आणि मग पाणी कितीही उडू द्या, पुरं पडत नाही.

आता मुंबईवाल्यांचं. हे जरा उलटं वाटेल पण ऐका. चंद्रपूरला ४४ डिग्री आणि हवेत ओलावा १५ टक्के असेल तर ओलं कापड हिशोबाने २३-२४ पर्यंत उतरू शकतं. मुंबईत ३४ च डिग्री पण ओलावा ७० टक्के, तर तेच कापड २९ च्या खाली जात नाही. म्हणजे आमच्या ४४ मध्ये पेन जास्त थंड राहतंय आणि तुमच्या ३४ मध्ये कमी. आमच्याकडे वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खोली गार करतो आणि तोच कूलर दादरला लावला तर अंग चिकट करण्यापलीकडे काही होत नाही, हे ज्याने दोन्हीकडे दिवस काढलेत त्याला सांगायची गरज नाही. त्यामुळे कोकणात, मुंबईत पाउच अगदी फुकट जाईल असं नाही, उन्हात तापण्यापासून वाचवेल, पण ३० ची रेघ जेमतेम. पावसाळ्यात तर आमच्याकडेही तो खुंटीलाच असतो, कारण वाळतच नाही आणि आठवड्यात कुबट वास मारायला लागतो.

पाण्याची पण एक गंमत. प्लांटच्या बोअरच्या पाण्यात भिजवला की दाणे नीट फुगत नाहीत, जेली चपटी राहते. आरओच्या पाण्यात भिजवला की टम्म. जड पाण्यातल्या क्षारांमुळे हे दाणे कमी पाणी पितात, बोअरवाल्या गावांत हा फरक चांगलाच जाणवणार. उलट गोड्या पाण्यात जास्त वेळ ठेवला तर इतका फुगतो की पेन आत जात नाही, ढकलून घालावं लागतं आणि शिवणीवर ताण येतो. माझी एका कोपऱ्यात उसवली, दाणे बाहेर यायला लागले, घरी बायको म्हणे हे काय साबुदाणा सांडला का. दोरा घालून घेतला, चालू आहे. आणि पाउच फ्रीजमध्ये ठेवू नका, त्याचा उपयोग हवेत टांगल्यावरच आहे.

बरं, इन्सुलिन गरम झालं तर एका दिवसात पाणी होतं का, तर तसं पण नाही, घाबरवणारे मेसेज फिरतात तेवढं नाही. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत २५ ते ३७ च्या दरम्यान वरखाली होणाऱ्या तापमानात महिनाभर ठेवलेल्या इन्सुलिनचा जोर जवळजवळ तेवढाच राहतो, असं जिनिव्हा विद्यापीठ आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ह्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तपासून २०२१ मध्ये छापलंय. म्हणजे एखाद दिवशी पेन टेबलावर राहिलं म्हणून लगेच कचऱ्यात टाकायची गरज नाही. पण ती मर्यादा ३७ ची, आणि आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये, गाडीत ते ३७ सकाळी दहालाच पार होतं, म्हणून पाउच. धुरकट नसायला पाहिजे ते इन्सुलिन धुरकट दिसलं, गुठळ्या, दोरे दिसले तर वापरायचं नाही, आणि साफ दिसतंय म्हणजे चांगलंच असेल असंही नाही.

इथपर्यंत पाउच पास. आता जे मला खरं सांगायचंय ते. पाउच पेन थंड ठेवतो, तुम्हाला नाही. आणि उन्हात शुगर जी बिघडते त्यातलं बरंचसं पेनमुळे नसतंच, अंगात जे चालू असतं त्यामुळे असतं. मी पाउच घेतला, पेन एकदम व्यवस्थित, तरी मे महिन्यात माझे आकडे कधी ७० च्या खाली तर कधी २८०. विकणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर आलं की सर प्रॉडक्ट ओरिजिनल आहे. अरे बाबा मी तसं कुठं म्हटलं.

होतं काय, की गरमीत अंग स्वतःला थंड करायला कातडीकडे रक्त जास्त पाठवतं, आणि इन्सुलिन आपण कातडीखालीच टोचतो, त्यामुळे ते नेहमीपेक्षा भराभर रक्तात जातं. १९८० मध्ये फिनलंडात लोकांना मांडीत इन्सुलिन देऊन सौनात, म्हणजे तापवलेल्या खोलीत, बसवून मोजलं होतं, तर शोषण जवळजवळ दुप्पट वेगाने झालं. आमचा शेड म्हणजे रोजचा सौनाच की, वरून काम अंगमेहनतीचं, मांडीचे स्नायू सतत चालू, ते पण साखर ओढतात. डबा खायला उशीर झाला की गेलो. म्हणून दुपारी टोचून लगेच पुन्हा भट्टीकडे जाणं हे सगळ्यात वाईट टायमिंग.

आणि त्यात घोळ असा की शुगर उतरल्याची जी लक्षणं डॉक्टर सांगतात, घाम, थरथर, डोकं हलकं, धडधड, चिडचिड, ती सगळी आमच्याकडे मे महिन्यात कामावर असलेल्या प्रत्येकाला असतात, ज्याला डायबिटीस नाही त्याला पण. ऊन लागलंय की शुगर उतरली हे अंगावरून कळतच नाही. बाजूचे लोक पाणी मारतात डोक्यावर, खिशातला कांदा हुंगायला देतात, आणि इकडे माणसाला साखर पाहिजे असते. आमच्याकडे उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवायची पद्धत आहे, ठेवा, कोण नाही म्हणतंय, पण दुसऱ्या खिशात ग्लुकोज पावडरची पुडी ठेवा. चॉकलेट ठेवू नका, ते पातळ होऊन खिशालाच लागतं. शंका आली की बोट टोचून बघायचं, बघता येत नसेल तर शुगर उतरली असं धरून १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटं सावलीत बसायचं, परत तपासायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना.

बघायचं म्हटलं तर शुगर मोजायचा मीटर. बरेचसे मीटर साधारण ४०-४५ डिग्रीपर्यंतच चालतात, त्यावर गेलं की थर्मामीटरचं चिन्ह दाखवून बंद. मीटरमध्ये घालायच्या पट्ट्यांची डबी ३० च्या खाली ठेवा असं डबीवरच लिहिलेलं असतं आणि आपण ती शर्टाच्या खिशात घेऊन फिरतो. मीटर पूर्ण पाउचमध्ये घालू नका पण, आत दमट असतं, पट्ट्यांना ओलावा चालत नाही. मी पट्ट्यांची डबी झाकण घट्ट लावून वेगळ्या कापडी पिशवीत, पाउचच्या बाजूलाच सावलीत ठेवतो. आणि बोट धुवून, पुसून. घामट बोटाला पन्ह्याचा हात लागलेला असेल तर आकडा भलताच येतो. दंडावर लावायचा शुगर मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर पण लावून पाहिला, घामाने चिकटपट्टी चार दिवसांत सुटली आणि त्याची किंमत बघता परत घेतला नाही. ज्यांना परवडतं आणि वरून वेगळी पट्टी मारून टिकतो त्यांनी घ्या, पण त्याचा आकडा रक्ताच्या मागे काही मिनिटं चालतो, झपाट्याने शुगर उतरत असेल तर त्यावर भरोसा ठेवून पुढचं काम सुरू करू नका.

आता २८० चं काय, ते दुसऱ्या बाजूचं. पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, त्यात साखरेचं प्रमाण वाढतं, वाढली की लघवी जास्त होते, त्यात अजून पाणी जातं, परत शुगर वर. गरमीच्या ताणाने अंगातले जे हार्मोन वाढतात ते पण शुगर वर ढकलतात. मग माणूस तहानेने काय पितो तर ठेकेदाराने ठेवलेलं गोड सरबत, नाही तर गेटवरची रसवंती. मी पाण्याची दोन लिटरची बाटली ठेवतो आणि तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पितो, सोबत घरचं मीठ घातलेलं ताक. ओआरएसबद्दल लोक विचारतात. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे फार नाही, जास्त घाम गेला असेल तर डायबिटीसवाल्याने घ्यायला हरकत नसते, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून. पण ते जे रंगीत डब्यांतून ओआरएस म्हणून विकत होते त्यातली साखर वाचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा खात्याने, नावात ओआरएस लिहायलाच मनाई केली ते त्याच्यामुळेच. आमच्याकडे कंपनीने उन्हाळ्यात तेच बॉक्स भरून वाटले होते, मी पीत नव्हतो तर सुपरवायझर म्हणे "तब्येतीसाठी देऊन राहिलो तं घेत नाही".

गोळ्यांवर असलेल्यांनी हसू नका, तुमचंही आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, पाणी पण सोबत जातं. २०२० नंतर डापाग्लिफ्लोझिन स्वस्त झाली आणि आता आमच्या लाइनवरच्या बऱ्याच जणांना ती चालू आहे. बीपीची लघवी जास्त करवणारी गोळी त्यासोबत असेल तर अजूनच. ग्लिमेपिराइड ह्या शुगरच्या गोळीवाल्यांना जेवण टळलं की शुगर उतरण्याचा धोका. ह्यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, पण उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टरांना जाऊन सांगायचं की मी भट्टीजवळ काम करतो. मी सांगितलं नसतं तर माझ्या डॉक्टरांना कसं कळणार, कागदावर नोकरी एवढंच लिहिलेलं असतं. त्यांनी दुपारचा डोस थोडा कमी केला, टोचायची जागा मांडीऐवजी पोट केली आणि जेवल्यावर अर्धा तास सावलीत थांबायला सांगितलं. शेवटचं सुपरवायझरकडून मंजूर करून घ्यायला चिठ्ठी लागली, पण मिळालं. आकडे त्याने सुधारले, पाउचने नाही. ज्यांचा डायबिटीस जुना आहे त्यांना अजून एक, नसा खराब झाल्या की घामच कमी येतो, अंग थंड व्हायची सोयच जाते. सगळे भिजलेत आणि आपण कोरडे, म्हणजे आपल्याला गरमी सोसते असं समजू नका.

सुट्टीवरून आल्यावर पहिला आठवडा जास्त सांभाळायचा असतो. अंगाला गरमीची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि त्या दिवसांत माझे आकडे सगळ्यात जास्त नाचतात.

रेटिंग द्यायचं तर विदर्भ, मराठवाडा, खानदेशवाल्यांसाठी पाचपैकी चार, एक कापला तो शिवणीचा आणि त्या विमानाच्या चित्राचा. मुंबई-कोकणसाठी दोन. साइज घेताना एक पेन असलं तरी दोन पेनचाच घ्या, एका पेनचा पाउच फुगला की टोपणासकट पेन जात नाही. कुपी आणि सिरिंजवाल्यांसाठी वेगळा चौकोनी येतो, तो मी वापरलेला नाही. उन्हाळा संपला की पिळायचा नाही, दाणे फुटतात, नुसता पंख्याखाली लटकवून ठेवायचा, पूर्ण वाळायला आठवडाभर तरी जातो, मग दाणे परत बारीक खडखडीत झाले की कपाटात.